विळ्यावरचे तांबे आणि नर्न्स्टचे समीकरण

सांगली जिल्ह्यातील तासगाव परिसरात द्राक्षबागांच्या पानांवर फिकट निळे शिंतोडे दिसतात. केवडा रोग रोखण्यासाठी फवारलेल्या बोर्डो मिश्रणाचे ते डाग होत. या मिश्रणाविषयी जुने बागायतदार दोन गोष्टी बजावतात. एक, ते लोखंडी भांड्यात करू नये. दुसरी, फवारणीपूर्वी विळ्याचे स्वच्छ पाते क्षणभर त्यात बुडवावे. पाते तांबूस झाल्यास चुना कमी पडला असे समजावे. या दोन्ही नियमांमागे एकच गणित आहे.

एक टक्का मिश्रणासाठी शंभर लिटर पाण्यास एक किलो मोरचूद घेतात. मोरचूद पाण्यात विरघळताच ताम्र-आयन मोकळे होतात. लोखंडाचा अणू दोन इलेक्ट्रॉन देतो, हे ऑक्सिडीकरण. ताम्र-आयन ते स्वीकारून धातुरूप होतो, हे क्षपण. ही देवघेव कोठे थांबेल, हे वाल्टर नर्न्स्ट या जर्मन शास्त्रज्ञाने १८८९ मध्ये मांडलेल्या समीकरणावरून कळते. त्याआधी चारच वर्षे, १८८५ मध्ये, फ्रान्समधील बोर्डो येथे प्राध्यापक मिलार्दे यांनी हे मिश्रण प्रसिद्ध केले होते.

२५ अंश सेल्सिअस तापमानास समीकरणाचे सोपे रूप असे :

तांब्याचा विभव = ०.३४ + ०.०३ × लॉग (ताम्र-आयनांची संहती)
लोखंडाचा विभव = –०.४४ + ०.०३ × लॉग (लोह-आयनांची संहती)

येथे विभव व्होल्टमध्ये व संहती दर लिटरला मोलमध्ये आहे. समतोलात दोन्ही विभव समान होतात. म्हणून लोह-आयन व ताम्र-आयन यांच्या गुणोत्तराचा लॉग ०.७८ ÷ ०.०३, म्हणजे २६ येतो. एकावर सव्वीस शून्ये! अर्थात लोखंड पुरेसे असेल तर द्रावणातील जवळजवळ सर्व तांबे त्यावर उतरते. लोखंडी पिंपात मोरचूद भिजवणाऱ्याचे औषध पिंपालाच लागते, वेलीला नव्हे.

आता चुन्याचे कार्य पाहू. चुना घालण्यापूर्वी ताम्र-आयनांची संहती सुमारे ०.०४ असते, लॉग –१.४, म्हणून विभव ०.३० व्होल्ट. चुन्यामुळे तांब्याचा निळा साका बनतो. तो केवळ कॉपर हायड्रॉक्साइडचा आहे असे मानू. त्याचा विद्राव्यता गुणाकार सुमारे २ × १०^–२० आहे. उदासीन द्रावणात हायड्रॉक्साइड आयनांची संहती १०^–७ असते, म्हणून मोकळे ताम्र-आयन उरतात २ × १०^–६. विभव उतरतो ०.१७ व्होल्टवर.

येथे विद्यार्थ्याने थांबून विचार करावा. ०.१७ हा आकडा लोखंडाच्या –०.४४ पेक्षा अजूनही मोठाच आहे. अभिक्रियेची दिशा बदललेली नाही. मग पाते तांबूस का होत नाही? कारण दिशेत नाही, प्रमाणात आहे. पूर्वी लिटरभर द्रावणात अडीच ग्रॅम मोकळे तांबे होते. आता मिलिग्रॅमचा जेमतेम आठवा भाग उरला. क्षणभर बुडवलेल्या पात्यावर डोळ्यांना दिसेल इतका थर त्यातून बसत नाही. म्हणूनच तयार मिश्रणही लोखंडी भांड्यात साठवू नये. मोकळे आयन खर्ची पडले की साका विरघळून नवे पुरवू शकतो, आणि भांड्याला वेळेची कमतरता नसते.

या प्रतिमानाला मर्यादा आहेत. प्रत्यक्ष साक्यात क्षारीय कॉपर सल्फेटही असते, आणि समीकरण समतोल सांगते, वेग सांगत नाही. तरी मोकळे तांबे कोवळी पाने करपवते. हंगामाचे कष्ट त्या पात्याच्या रंगावर अवलंबून असतात. आपल्या शाळेतील अनेक मुलांचे पालक शेतात राबतात. त्यांनी हाताने पारखलेली गोष्ट मुलाने फळ्यावर सिद्ध करावी, आणि सुट्टीत घरी जाऊन ती त्यांनाही समजावून सांगावी. समीकरण पाठ होण्यापेक्षा ते अधिक मोलाचे आहे.