गळा एक, भाव अनेक



आमच्या बुलढाणा जिल्ह्यात एखाद्या माणसास एकदा जे नाव पडले, ते सहसा सुटत नाही. एखादा मुलगा मोठ्याने बोलला, की तो पोवाड्याचा. एखादी मुलगी लाजाळू असली, की ती अंगाईगीताची. गाव असे ठरविते, घर ठरविते आणि दुर्दैवाने कधी कधी शाळाही ठरविते. हा ठराव किती फसवा असू शकतो, हे एका थोर गायिकेच्या उदाहरणावरून पाहावे, म्हणून हा पाठ लिहिला आहे. गाण्याची आवड असणाऱ्यांसाठी तो आहेच. पण ज्यांस आपणांस काहीच येत नाही असे वाटते, त्यांच्यासाठी तो अधिक आहे.

ती गायिका म्हणजे आशा भोसले. त्यांचा जन्म ८ सप्टेंबर १९३३ रोजी सांगलीकडे झाला. वडील मास्टर दीनानाथ मंगेशकर हे मराठी संगीत रंगभूमीवरील नामांकित गायकनट. १९१८ साली स्थापन झालेल्या बळवंत संगीत मंडळीचे ते एक चालक होते. १९४२ च्या एप्रिल महिन्यात पुणे येथे दीनानाथांचे निधन झाले, तेव्हा आशाबाईंस नववे वर्ष चालू होते. पाच भावंडांचे कुटुंब उघडे पडले. पुढल्याच वर्षी, १९४३ मध्ये, ‘माझं बाळ’ या मराठी चित्रपटात त्यांनी पहिले गीत गाइले. बाहुल्या खेळण्याच्या वयात गाणे हे पोटाचे साधन झाले, ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी.

त्यांची थोरली बहीण लता मंगेशकर. १९५० च्या सुमारास कोमल, करुण व भक्तिपर गीतांसाठी संगीतकार प्रथम त्यांच्याकडे वळू लागले होते. धाकट्या बहिणीच्या वाट्यास जे आले, ते बहुधा इतरांनी सोडलेले असे. १९५७ साली ओ. पी. नय्यर यांच्या संगीताने नटलेला ‘नया दौर’ हा चित्रपट गाजला आणि आशाबाईंचे नाव सर्वतोमुखी झाले. पुढे राहुलदेव बर्मन यांनी पाश्चात्त्य वाद्ये व ताल घेऊन नव्या धाटणीच्या चाली बांधल्या. १९६६ चा ‘तीसरी मंज़िल’ आणि १९७१ चा ‘कारवाँ’ यांतील त्यांची गीते देशभर वाजली. जिला आज पॉप म्हणतात, त्या उडत्या, नाचऱ्या गायकीची ती ऐन भरभराट होती. त्या गीतांमधील सर्वच प्रसंग मुलांपुढे ठेवण्याजोगे आहेत, असे आम्ही म्हणणार नाही. आईबापांनी तो रेडिओ बंद केला असल्यास आम्ही त्यांस दोषही देणार नाही. परंतु गीतातील प्रसंग वेगळा आणि गायिकेचे कसब वेगळे, एवढा विवेक अभ्यासकाने राखला पाहिजे. मध्येच श्वास तोडणे, हुंकार देणे, सुरावरून सुरावर एकदम उडी घेणे आणि तरीही तालास धक्का न लावणे, हे काही सोपे काम नव्हे.

तथापि परिणाम असा झाला, की लोकांनी शिक्का मारून ठेवला. आशा म्हणजे चंचल गाणे, हा तो शिक्का. वस्तुतः १९५३ च्या ‘देवबाप्पा’ चित्रपटातील मोराचे बालगीत याच गळ्यातून आले होते. ग. दि. माडगूळकरांचे ते शब्द व पु. ल. देशपांडे यांची ती चाल पिढ्यान्‌पिढ्या मराठी मुलांच्या तोंडी राहिली आहे. पुढे शांता शेळके यांचे शब्द व हृदयनाथ मंगेशकरांची चाल असलेले ‘जिवलगा’ हे संध्याकाळच्या हुरहुरीचे गीतही त्यांनीच गाइले. तरीही शिक्का पुसला गेला नाही. शिक्क्याचा धर्मच असा, की विरुद्ध पुरावा समोर असूनही तो डोळ्यांस दिसू देत नाही.

तो पुसला १९८१ साली. मुज़फ़्फ़र अली यांनी ‘उमराव जान’ हा चित्रपट काढला. मिर्ज़ा हादी रुस्वा यांच्या १८९९ मधील उर्दू कादंबरीवर तो आधारलेला आहे. लखनौ शहरी विकली गेलेली एक मुलगी पुढे कवयित्री व गायिका होते, आणि आपले हरवलेले घर जन्मभर शोधीत राहते, अशी ती कथा. गीते शहरयार यांची, संगीत ख़य्याम यांचे. यातील गझला ख़य्याम यांनी आशाबाईंकडून गाऊन घेतल्या, आणि त्याही त्यांच्या नेहमीच्या पट्टीपेक्षा खाली. प्रथम त्यांस हे अवघड वाटले. आणि ध्वनिमुद्रण ऐकल्यावर, आपण असेही गाऊ शकतो याचे त्यांस स्वतःसच नवल वाटले. या गायनाबद्दल त्यांस पहिले राष्ट्रीय पारितोषिक मिळाले. त्या वेळी त्यांनी वयाची पंचेचाळिशी ओलांडली होती व गाऊ लागून तीन तपांहून अधिक काळ लोटला होता.

आता ‘खाली गाणे’ म्हणजे नेमके काय, हे शास्त्रदृष्ट्या पाहू. आपल्या कंठात दोन लवचिक स्वरपट्ट्या आहेत. फुप्फुसांतील हवा वर येताना त्या कंप पावतात व ध्वनी उत्पन्न होतो. पट्ट्या ताणल्या असता कंपने वाढतात व स्वर चढतो. सैल सोडल्या असता स्वर उतरतो. अर्धा स्वर खाली आल्यास कंपनांची संख्या सुमारे ६ टक्क्यांनी घटते. कागदावर हा फरक अल्प दिसतो. परंतु गाणाऱ्याच्या दृष्टीने सवयीचा सारा आधार त्यामुळे हलतो. चढ्या स्वरात ताणामुळे जी चमक आपोआप येते, ती येथे येत नाही. घसा, तोंड व नाक यांच्या पोकळ्यांतून ध्वनी घुमवून त्यास भरीवपणा द्यावा लागतो. हळू गाताना हवाही थोडी सोडावयाची असते, आणि ती थोडी हवा शेवटपर्यंत एकसारखी पुरवावयाची असते. म्हणूनच जाणते सांगतात, की ओरडून गाण्यापेक्षा हळू गाणे कठीण.

येथे वडिलांच्या व मुलीच्या काळांतील भेद पाहण्यासारखा आहे. दीनानाथांच्या पिढीतील नटास ध्वनिवर्धकाविना शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोहोचवावा लागे. मायक्रोफोन आल्यावर गायक श्रोत्याच्या कानाशी बोलावे तसे गाऊ शकला. पण यंत्र जसे हळू स्वर पकडते, तसे दोषही पकडते. श्वासाची घरघर, शब्दाच्या शेवटी ढळलेला सूर, खोटा हुंदका, सर्व काही त्यात उघडे पडते. तेव्हा यंत्राने कोमल गायन शक्य केले. ते सोपे मात्र केले नाही.

गझलेत आणखी एक परीक्षा असते. तिचा प्रत्येक शेर दोन ओळींचा व अर्थाने स्वतंत्र असतो, आणि शेराच्या अखेरीस तेच तेच शब्द फिरून येतात. गाणाऱ्याने दर वेळी त्याच शब्दास निराळा रंग दिला नाही, तर ऐकणारा कंटाळतो. आम्हां वऱ्हाडच्या लोकांस हा प्रकार परका नसावा. मराठी गझल ज्यांनी रुजविली, ते सुरेश भट हे आपल्या शेजारच्या अमरावतीचे. १९३२ ते २००३ हा त्यांचा जीवनकाल. त्यांच्याही रचना हृदयनाथांनी चाली लावून आशाबाईंकडून गाऊन घेतल्या आहेत. वऱ्हाडी मातीतील शब्द आणि सांगलीकडचा गळा यांची ती भेट मुद्दाम ऐकावी.

१९८७ च्या ‘इजाज़त’ चित्रपटात गुलज़ार यांची एक कविता आली. तीस यमकाचा नियमित आधार नाही; एखाद्या पत्राप्रमाणे ती वाचली जाते. चाल मात्र त्याच राहुलदेव बर्मन यांची, ज्यांच्या तालावर पूर्वी देश नाचला होता. त्या गीताने आशाबाईंस दुसरे राष्ट्रीय पारितोषिक मिळाले. म्हणजे शिक्का केवळ गायिकेवर नव्हता. संगीतकारावरही होता, आणि दोघांनी मिळून तो पुसला. पुढे त्यांस चित्रपटक्षेत्रातील सर्वश्रेष्ठ असा २००० सालचा दादासाहेब फाळके पुरस्कार मिळाला, आणि २०११ मध्ये सर्वाधिक ध्वनिमुद्रित गीतांबद्दल गिनेस विक्रमग्रंथात त्यांची नोंद झाली.

येथे आम्हांस स्वतःची एक चूक सांगितली पाहिजे. पुष्कळ वर्षांपूर्वी आमच्या हाताखाली एक विद्यार्थी होता. आवाज असा, की मैदानाच्या एका टोकास बोलला तर दुसऱ्या टोकास ऐकू यावे. दर स्नेहसंमेलनात पोवाडा त्याचाच, आणि तो तो दणक्यात म्हणे. एके वर्षी नाताळच्या कार्यक्रमापूर्वी तो आमच्याकडे आला व खाली मान घालून म्हणाला, “गुरुजी, यंदा मी पाळणा म्हणू का?” आम्ही हसलो. “अरे, तुझ्या आवाजाने बाळ उठून बसेल,” असे म्हणालो. सगळा वर्ग हसला; तोही हसला. पुन्हा त्याने कधी विचारले नाही.

काही वर्षांनी चिखलीकडील एका खेड्यात एका लहान मुलाच्या दफनविधीस आम्ही गेलो होतो. मुलाची आई कोणाच्याने आवरत नव्हती. मंडळीस गीत म्हणावयाचे होते, पण कोणाचाही कंठ फुटेना. तेव्हा मागून एक आवाज निघाला. खालचा, संथ, अगदी हळू. एकेक जण त्यात मिसळत गेला. ती माउलीही शांत झाली व ऐकू लागली. आम्ही वळून पाहिले, तो तोच आमचा पोवाडेवाला! जो आवाज आम्ही वर्गात हसण्यावारी नेला होता, तो त्याने इतकी वर्षे कोणाच्याही शिकवणीवाचून जपला होता. त्या दिवशी घरी परतताना आम्हांस फार लाज वाटली.

पवित्र शास्त्रात एलीया संदेष्ट्याची कथा आहे. होरेब डोंगरावर प्रचंड वारा सुटला, भूकंप झाला, अग्नी आला. परमेश्वर त्यांपैकी कशातही नव्हता. त्यानंतर जी शांत, मंद वाणी आली, ती ऐकून एलीयाने तोंड झाकून घेतले. मोठ्या आवाजाचे महत्त्व आम्ही नाकारीत नाही. रणात व रानात तो हवाच. परंतु मनुष्याच्या दुःखापाशी जावयाचे असता पावले न वाजविता जावे लागते, आणि गाण्यासही तेच करावे लागते.

पालकांस आमची विनंती अशी, की आपल्या पाल्याविषयी “याला एवढेच येते” हे वाक्य घरात उच्चारू नये. शिक्षकबंधूंसही तीच विनंती. आणि ती आम्ही प्रथम स्वतःस करीत आहो. विद्यार्थ्यांनी मात्र दुसरी बाजू ध्यानात धरावी. आशाबाईंनी नवा सूर लावला, तो जुना सूर पक्का झाला होता म्हणून. अनेक वर्षांच्या मेहनतीने जो श्वास ताब्यात आला होता, तोच खालच्या पट्टीत उपयोगी पडला. बहुगुणी होण्याचा मार्ग सर्व गोष्टी अर्ध्या करण्यात नाही. एक गोष्ट पुरी करून मग दुसरीस निर्भयपणे हात घालण्यात आहे.

अभ्यास

१. पाठ्यपुस्तकातील कोणतीही एक कविता घ्या. ती एकदा मैदानात म्हटल्याप्रमाणे, एकदा वर्गात म्हटल्याप्रमाणे व एकदा आजारी भावंडाच्या उशाशी म्हटल्याप्रमाणे म्हणा. कोणते शब्द प्रत्येक वेळी बदलल्यासारखे वाटले, ते लिहून काढा.

२. वडीलधाऱ्यांच्या देखत, वीतभर अंतरावर दिवा ठेवून एक स्वर हळू व लांब धरा. ज्योत कमीत कमी हलली पाहिजे. श्वास किती सेकंद पुरतो, ते आठवडाभर टिपून ठेवा.

३. तेरा ते पंधरा वर्षांच्या सुमारास मुलांचा आवाज फुटतो. त्या दिवसांत घशावर जोर का देऊ नये, हे वरील स्वरपट्ट्यांच्या माहितीवरून सांगा.

४. आपल्या वर्गातील एखाद्या सोबत्यास तुम्ही कोणता शिक्का मारला आहे काय? त्याचे उत्तर वहीत लिहू नका. त्या सोबत्याशी बोला.