जिवंत कवडी

तुळजापूरच्या भवानीचे आराधी गळ्यात कवड्यांची माळ घालतात, हे मराठवाड्यात कोणास सांगावयास नको. पटावर सोंगट्या खेळताना दान टाकावयाचे तेही कवड्यांनीच. मालास भाव आला नाही, तर तो कवडीमोल गेला असे आपण म्हणतो आणि फार हात आखडणाऱ्या माणसास कवडीचुंबक ठरवतो. आपल्या भाषेचा या वस्तूशी इतका घरोबा आहे. तरीही कवडी हे एका प्राण्याचे कवच होय, ही गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही.

एके काळी कवडी हे नाणेच होते. भास्कराचार्यांनी ११५० साली रचलेल्या ‘लीलावती’च्या आरंभी नाण्यांचे कोष्टक आहे. २० कवड्यांची १ काकिणी, ४ काकिणींचा १ पण आणि १६ पणांचा १ द्रम्म. म्हणजे एका द्रम्मास १२८० कवड्या मोजाव्या लागत. पुढे चौदाव्या शतकात इब्न बतूता हा प्रवासी दौलताबादेस येऊन गेला आणि नंतर मालदीव बेटांवर काही काळ काझी होता. तेथील लोक समुद्रातून कवड्या काढून किनाऱ्यावरील खड्ड्यांत टाकतात आणि आतील मांस नाहीसे झाले की पांढरे कवच उरते, असे त्याने लिहून ठेवले आहे. व्यवहारात फिरली ती ही मेलेली कवडी. जिवंत कवडीची हकीकत अगदी निराळी आहे.

कवडी ही गोगलगाईच्याच कुळातील. लक्षद्वीपच्या प्रवाळांत ती राहते आणि कोकणच्या खडकाळ किनाऱ्यावरही तिच्या काही जाती आढळतात. पाठीवरून दोन्ही बाजूंनी एक मांसल पडदा वर चढवून ती आपले कवच झाकून घेते. हाच पडदा कवचावर चुन्याचे थर चढवितो आणि त्यास झळाळी आणतो. वाळूत पडून राहिलेल्या शिंपल्यांचे तेज लवकर जाते. म्हणून दुकानात लखलखणारी कवडी दिसली, तर ती बहुधा जिवंतपणीच पकडलेली असते. तिच्या तोंडात फितीसारखी एक पट्टी असून तीवर कानशीसारखे बारीक दात असतात. दिवसा ती कपारीत दडून बसते. रात्र झाली की खडकावरून सावकाश सरकत शेवाळ खरवडते.

तिच्या या सवयीमुळेच, समुद्राच्या पाण्याचे मत्स्यालय ठेवणारे हौशी लोक टाकीत एखाददुसरी लहान कवडी सोडतात. प्रवाळांसाठी तेथे प्रखर दिवे लावलेले असतात. त्या उजेडात आणि माशांच्या विष्ठेतून मिळणाऱ्या खतावर शेवाळ जोमाने वाढते व काच आणि खडक झाकून टाकते. येथे जात मात्र पारखून घ्यावी लागते. वाघकवडी वाढून तळहाताएवढी होते, जाता येता दगड ढकलते आणि मोठेपणी स्पंजही खाते. पिवळसर, इंचभर लांबीची नाण्याची कवडी या कामास बरी.

मुंबईस १९५१ साली तारापोरवाला मत्स्यालय उघडले, ते समुद्राच्या काठीच. छत्रपती संभाजीनगरापासून समुद्र अडीचशे किलोमीटरांहून दूर आहे. येथे कोणी अशी टाकी मांडावयाची म्हटली, तर समुद्र घरीच तयार करावा लागेल. एका लिटरास सुमारे ३५ ग्रॅम या प्रमाणात, मत्स्यालयासाठी मिळणारे खास मीठ शुद्ध केलेल्या पाण्यात विरघळवावयाचे. स्वयंपाकाचे मीठ चालत नाही, कारण कवचास लागणारा चुना त्यात नसतो. नळाचे पाणीही जसेच्या तसे घेता येत नाही; त्यात जंतुनाशक औषध असते. या शहरास पाण्याची ओढ नवी नाही, तेव्हा हौस करणाऱ्याने हाही हिशेब आधी करावा हे उत्तम.

खरी परीक्षा उन्हाळ्यात होते. बाहेर पारा ४० अंशांवर जातो आणि टाकीतील पाणी मात्र २५-२६ अंशांच्या आसपास राखावयाचे असते. त्यासाठी पाण्यावर पंखा सोडावा, तर वाफ अधिक होते. वाफ होऊन जाते ते केवळ पाणी. मीठ टाकीतच राहते. नवशिका माणूस पातळी उतरलेली पाहून खारे पाणी ओततो आणि खारटपणा दिवसेंदिवस वाढत जातो. माशास आपल्या अंगातील क्षारांचा तोल काही अंशी सांभाळता येतो. कवडीस ते साधत नाही. म्हणून रोज भर घालावयाची ती गोड्या पाण्याची. माशांच्या औषधांत तांब्याचा अंश असेल, तर तोही तिला घातक ठरतो. माशाचे दुखणे बरे होते आणि कवडी प्राणास मुकते.

शिवाय बाजारात येणाऱ्या कवड्या समुद्रातूनच धरून आणलेल्या असतात. त्या कोंबड्यांप्रमाणे घरी वाढविलेल्या नसतात. प्रवाळांना तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे, आपल्या समुद्रातून ते तोडून आणता येत नाहीत. कवडी आणण्याची घाईही करू नये. नवी टाकी काही आठवडे तशीच चालू द्यावी. माशांच्या मलातून निघणारे विषारी द्रव्य पचविणारे सूक्ष्म जंतू तेवढ्या अवधीत खडकांवर वस्ती करतात आणि शेवाळही धरू लागते.

कवडीने काच स्वच्छ केली की मालक खूष होतो, आणि नेमकी येथेच तिची उपासमार सुरू होते. शेवाळ संपले म्हणजे तिचे अन्न संपले. मग सायंकाळी वाळलेल्या समुद्रशेवाळाचा तुकडा दगडाखाली दाबून ठेवावा लागतो. उरलेला तुकडा सकाळी आठवणीने काढून घ्यावा. तो कुजला, तर त्याच्याच खतावर काचेवर पुन्हा शेवाळ धरते.