एको, डिले आणि दहावं लेणं

वेरूळ

चि. भाचीस,


भावगीतांचे कार्यक्रम मिळू लागले की गाणाऱ्याला पायाशी ठेवायच्या इफेक्टच्या यंत्राचा मोह होतोच. बॉसचं व्हीई-२०, टीसी-हेलिकॉनची व्हॉइसलाइव्ह मालिका. रिव्हर्ब, डिले, हार्मनी, सूर दुरुस्त करणारं बटण असं सगळं एकाच पेटीत. पण दुकानात जाण्याआधी इथल्या दहाव्या लेण्यात एक सकाळ घालव. मंगळवार सोडून ये, त्या दिवशी लेणी बंद असतात.

सुतार की झोपडी म्हणून लोक ओळखतात ते हे सातव्या शतकातलं चैत्यगृह. सुमारे २६ मीटर लांब, १३ मीटर रुंद, १० मीटर उंच. छताला लाकडी वाशांसारख्या दगडातच कोरलेल्या फासळ्या, कडेने खांबांची रांग, टोकाला स्तूप आणि त्याच्यापुढे बसलेले बुद्ध. दाराशी लावलेला सूर पलीकडच्या टोकाला आपटून परत यायला सुमारे ०.१५ सेकंद लागतात. तोवर खांबांवरून, फासळ्यांवरून बारीक बारीक पडसाद येऊन मिसळलेले असतात. गळा थांबतो, सूर रेंगाळत राहतो. संथ पठणाला ही जागा अंगभर वजन देते. तिथेच कुणी भराभर बोलायला लागलं, की शब्दांवर शब्द चढतात आणि नुसता गलका उरतो.

रिव्हर्बच्या बटणामागे हीच जागा आहे. शिकागोच्या बिल पुटनमने १९४७ मध्ये स्टुडिओच्या न्हाणीघरात ध्वनी सोडून तिथला पडसाद ध्वनिमुद्रणात मिसळला होता. १९५७ मध्ये जर्मनीच्या ईएमटी कंपनीने हेच काम टांगलेल्या पोलादी पत्र्याकडून करून घेतलं. ते यंत्र होतं २७० किलोंच्या आसपास. आज ते चिपमध्ये बसतं. पण तीन सेकंदांचा ‘हॉल’ रिव्हर्ब लावून द्रुत तान घेतली, तर दहाव्या लेण्यातल्या घाईच्या बोलण्याचं जे होतं तेच तानेचं होतं.

आपल्याकडचं उदाहरण तर बिनयंत्राचं आहे. १९४९ च्या ‘महल’ चित्रपटातल्या एका गाण्यात आवाज दुरून जवळ येतोय असं भासवायचं होतं. खेमचंद प्रकाशांच्या त्या गाण्यासाठी लता मंगेशकर मायक्रोफोनपासून लांब उभ्या राहिल्या आणि गात गात त्याच्याकडे चालत आल्या. अंतर हाच त्यांचा इफेक्ट. मायक्रोफोनशी खेळायची ही कला आधी शिकायला हवी: ओठ टेकवले की खर्ज फुगतो, चार बोटं मागे सरलं की शब्द मोकळे होतात, वरच्या पट्टीत मान जरा वळवली की आवाज टोचत नाही. हे जमल्याशिवाय यंत्रावर पैसे घालू नयेत, असं मामाचं स्पष्ट मत आहे.

यंत्र घ्यायचंच तर साधं घे. रिव्हर्ब, डिले, थोडं टोन कमीजास्त करणं, आणि पायाने झटकन सगळं बंद करता येईल असं बटण. कॉम्प्रेसर असला तरी जपून वापर. तो हलका आवाज उचलतो, त्याबरोबर स्पीकरचाही उचलतो आणि माईक शिट्टी मारायला लागतो. रिव्हर्बमध्ये प्री-डिले ३०-४० मिलिसेकंद ठेव, म्हणजे शब्दातलं व्यंजन आधी कानात पोचेल आणि गुंजन मागून येईल. त्यातला खर्जही छाटून टाक. डिले, म्हणजे सुराची उशिराने येणारी नक्कल, लावायचा तर ठेक्याशी जुळव. मिनिटाला ८० मात्रा असतील तर एक मात्रा ७५० मिलिसेकंदांची, अर्धी ३७५ ची. हा हिशेब चुकला की तबलजीला आपल्याच मंचावर दुसरा, बेताला तबलजी ऐकू येतो आणि बिचारा सम शोधत बसतो.

हार्मनीच्या बटणापासून मात्र लांब राहा. भूपातलं गाणं घे. यंत्राला मेजर स्केल सांगितलं आणि वरचा तिसरा सूर मागितला, तर षड्जावर ते गंधार देईल, ठीक आहे. पण रिषभावर मध्यम देईल आणि पंचमावर निषाद. भूपात मध्यम-निषाद वर्ज्य! दोन ओळींत रागाचा चेहराच पुसला जातो. सूर दुरुस्तीचं तेच. अँडी हिल्डेब्रँड तेलाच्या शोधासाठी भूकंपलहरींचं गणित करायचे. त्याच जातीच्या गणितातून १९९७ मध्ये ऑटो-ट्यून निघालं आणि पुढच्याच वर्षी गायिका शेरच्या ‘बिलीव्ह’ गाण्याने ते जगभर पोचवलं. तिथे तो मुद्दाम केलेला रंग होता, आणि छान होता. पण नेहमीच्या मांडणीत हे यंत्र बारा ठरलेल्या सुरांपैकी जवळच्यावर गळा आणून बसवतं. दरबारीचा आंदोलित कोमल गंधार, मींडेतला प्रवास, हे सगळं त्याला चूक वाटतं. वर्षानुवर्षं घोटलेलं असं कुणी सपाट करू देऊ नये.

जागेचा विचार प्रत्येक वेळी नव्याने करावा लागतो. वेरूळ-अजिंठा महोत्सव पूर्वी कैलास लेण्यासमोर होत असे, नंतर तो शहरात सोनेरी महालाच्या आवारात गेला. अशा खुल्या मैदानात आवाज परत येत नाही. तिथे थोडा रिव्हर्ब हवाच. उलट फरशी आणि पत्र्याच्या मंगल कार्यालयात भिंतीच इतका एको देतात, की यंत्र बंद ठेवून गावं. शिवाय साउंडवाल्याच्या मिक्सरवरही एको असतो. दोघांनीही लावला, तर शब्द गेलेच. कार्यक्रमाआधी त्याला भेटून त्याचा एको शून्यावर आणायला सांग, नम्रपणे; पुढचे दोन तास तुझा आवाज त्याच्या हातात असतो. मग मैत्रिणीला मंचावर गायला लाव आणि स्वतः शेवटच्या रांगेत जाऊन ऐक. तिथे प्रत्येक शब्द कळेपर्यंत रिव्हर्ब उतरवत जा. सभागृह भरलं की माणसं आणि कपडे आवाज शोषतात, तेव्हा पहिल्या गाण्यानंतर किंचित वाढवायला हरकत नाही.

खरेदीला जाताना स्वतःचा माईक आणि तानपुरा बरोबर ने. आईला नमस्कार सांग.

तुझा
मामा