एसी-फ्रिज दुरुस्तीसाठी परवाना लागतो का?

प्रश्न : यंदा दहावी झालो. चंद्रपुरात एसी-फ्रिज दुरुस्तीचं काम शिकायचं आहे. कोणता कोर्स करू? परवाना लागतो का?
– एक वाचक, मूल

उत्तर : दहावीला गणित-विज्ञान असेल, तर आयटीआयचा दोन वर्षांचा 'रेफ्रिजरेशन अँड एअर कंडिशनिंग' ट्रेड घ्या. प्रवेश राज्याच्या केंद्रीय ऑनलाइन प्रक्रियेतून होतो. जवळच्या कोणत्या संस्थेत हा ट्रेड आहे, ते विकल्प भरण्याआधी पाहून घ्या. खासगी संस्था असेल, तर केंद्राच्या प्रशिक्षण महासंचालनालयाची (डीजीटी) मान्यता तपासा. नंतर अ‍ॅप्रेंटिसशिप अवश्य करा. विद्यावेतन मिळतं, हातही बसतो.

एसी दुरुस्तीसाठी आपल्याकडे वेगळा सरकारी परवाना नाही. मात्र घरात नवी वायरिंग किंवा एसीसाठी स्वतंत्र लाइन टाकायची, तर ते काम परवानाधारक वीज कंत्राटदारामार्फतच व्हायला हवं. त्यात स्वतः हात घालायचा असल्यास वायरमनचा परवाना काढा; तरी काम कंत्राटदारामार्फतच करावं लागतं.

गॅसचं शिक्षण हलक्यात घेऊ नका. ओझोन थर वाचवण्यासाठीच्या मॉन्ट्रियल करारानुसार आर-२२ हा जुना गॅस २०३०पर्यंत मोडीत निघतो आहे. नव्या एसीतला आर-३२ थोडा ज्वलनशील, तर आर-२९० म्हणजे चक्क प्रोपेन. गळती शोधणं, व्हॅक्यूम करणं, वजन करून गॅस भरणं हे नीट शिका.

चंद्रपुरात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपुढे जातो, त्यामुळे हंगामात काम भरपूर. पण पावसाळ्यात हात रिकामे राहू नयेत म्हणून फ्रिज, डीप फ्रीझर, शीतगृहंही शिका. गडचिरोलीच्या आरोग्य केंद्रांत लसी २ ते ८ अंशांत ठेवाव्या लागतात; त्यासाठीची शीतयंत्रं बाराही महिने चालू ठेवावी लागतात.