टिटवी आणि नदी टिटवी : फरक ओळखा, अंडी वाचवा

मच्छीमार बंधू-भगिनींनो, टिटवी आपल्याला रोजची. पण सगळ्या टिटव्या एकाच जातीच्या नसतात, आणि त्यातल्या एकीचं सगळं घर नदीच्या वाळूवरच असतं.

साधी टिटवी (हिंदीत टिटहरी) : डोकं, गळा, छाती काळी. डोळ्यापुढे लाल मांसल पट्टी. चोच लाल, टोकाला काळी. पाय लांब आणि पिवळे.

नदी टिटवी : अंगाने थोडी लहान. लाल रंग कुठेच नाही. चोच काळी, पाय काळे. चेहरा, गळा आणि डोक्यावरची शेंडी काळी, मान राखाडी, पोटावर काळा डाग. नर्मदेसारख्या मोठ्या नद्यांच्या काठी राहते.

लांबून ओळखायचं तर पाय बघा. पिवळे पाय म्हणजे साधी, काळे म्हणजे नदी टिटवी.

दोघीही मुख्यतः किडे, अळ्या आणि लहान शिंपले खातात. आपल्या माशांवर त्यांचा डोळा नाही.

खरा फरक अंड्यांचा. साधी टिटवी शेतात, माळावर, रस्त्याच्या कडेला, कधी घराच्या गच्चीवरसुद्धा अंडी घालते. नदी टिटवी मात्र पात्रातली वाळू आणि गोट्यांचे उंचवटे सोडत नाही. हंगाम साधारण मार्च ते जून. याच दिवसांत पाणी उतरतं, आपण वाळूवर जाळी पसरतो, टरबुजाच्या वाड्या लागतात, ट्रॅक्टर उतरतात, मोकाट कुत्री फिरतात. म्हणून आययूसीएनच्या यादीत नदी टिटवी संकटाच्या उंबरठ्यावर आहे, साधी टिटवी नाही.

घरटं म्हणजे वाळूतला नुसता खळगा. त्यात ३-४ ठिपकेदार अंडी, अगदी गोट्यांसारखी. पाय पडेपर्यंत दिसत नाहीत. म्हणून एवढं करा :

१. टिटवी डोक्यावर घिरट्या घालून ओरडली तर अपशकुन समजू नका. अंडी किंवा पिल्लं जवळ आहेत. आल्या वाटेने मागे फिरा.
२. जाळी वाळत घालण्याआधी जागा नीट बघून घ्या.
३. सोबतचं कुत्रं बांधून ठेवा.
४. अंडी उचलू नका. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे तो गुन्हा आहे.

माशांच्या विणीसाठी आपण १६ जून ते १५ ऑगस्ट जाळं बंद ठेवतो. टिटवीची वीण त्याच्या आधीच चालू होते. तिच्यासाठी जाळं बंद ठेवायचं नाही, फक्त दहा पावलं बाजूला सरकायचं आहे.

तापीच्या पात्रात काळ्या पायांची टिटवी दिसली तर लांबूनच फोटो काढा आणि खाली कॉमेंटमध्ये टाका.