भिंग आधी, पैसे मग

काडेपेट्यांची जुनी लेबले जमवणाऱ्यांना माझे सांगणे एकच: चित्रावर भाळून नव्हे, छपाई पाहून पैसे मोजा. कल्याण-डोंबिवलीकरांना तर हा विषय शेजारचाच, कारण 1923 साली स्वीडिश भांडवलावर उभ्या राहिलेल्या ‘विम्को’चा काडेपेट्यांचा कारखाना अंबरनाथला होता. त्याआधी स्वीडन-जपानहून येणाऱ्या पेट्यांवरही इथल्या गिऱ्हाइकासाठी देवदेवतांची चित्रे असत. ही चिमुकली चित्रे मोहक खरी, पण स्कॅन करून पुन्हा छापायलाही फार सोपी. कागदाच्या पिवळटपणावर विसंबू नका. तो चहाच्या पाण्यानेही आणता येतो.

दहापट मोठे दाखवणारे भिंग घ्या आणि चित्राआधी अक्षरे पाहा. जुन्या शिळाछापात अक्षर सलग शाईचे असते, आणि रंगातले ठिपके हाताने दिलेले, लहानमोठे, वेडेवाकडे. स्कॅनवरून केलेल्या नकलेत निळ्या, किरमिजी, पिवळ्या ठिपक्यांची आखीव जाळी दिसते आणि अक्षराची कडसुद्धा त्या ठिपक्यांत फुटते. पुढच्या काळातली अस्सल लेबलेही ऑफसेटवर छापलेली आहेत, मग जाळीला दोष का, असे कुणी विचारील. दोष जाळीला नाहीच. विक्रेता सांगतो ते साल आणि छपाई यांचा मेळ बसत नसेल, तर तो त्या सालाला आहे. अतिनील दिव्याखाली कागद निळसर पांढरा चमकला तरी सावध व्हावे, कारण कागदाला तशी चमक आणणारी रसायने दुसऱ्या महायुद्धानंतर रुळली.

एवढ्याशा कागदाची नक्कल कोण करील, हा आक्षेप मला पटत नाही. अमेरिकेत 1909 ते 1911 दरम्यान सिगारेटच्या पाकिटांतून बेसबॉलपटूंची चित्रे निघाली. त्यांतले होनस वॅगनरचे एक कार्ड तज्ज्ञांच्या उच्च दर्जाच्या शिक्क्यासह 2007 साली 28 लाख डॉलरला विकले गेले. त्याच्या कडा आपणच कापल्याचे एका नामांकित व्यापाऱ्याने 2013 मध्ये न्यायालयात कबूल केले. म्हणजे प्रमाणपत्र हाती असले तरी भिंग खिशात हवेच. आणि ‘आम्ही हौसेसाठी घेतो, किमतीसाठी नाही’ म्हणणाऱ्यांनी नक्कल खुशाल घ्यावी, पण नकलेच्या भावात.

भिंग लावू न देणाऱ्याकडून काही घेऊ नका. अख्खी पेटी मिळाली, तर लेबल सोलू नका, कडाही कापू नका. 1934 पासून काडेपेट्यांवर अबकारी कर आला. त्याची कागदी पट्टी पेटीवर शाबूत असेल, तर काळ ठरवायला तिच्यासारखा पुरावा नाही.