किशोरवयातील रक्तक्षय

जिना चढताना धाप लागणाऱ्या, अभ्यासात मन न लागणाऱ्या मुलीला घरची मंडळी सहज आळशी ठरवितात. पुष्कळदा तो रक्तक्षय असतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील १५ ते १९ वयोगटातील सुमारे ५९ टक्के मुली रक्तक्षयग्रस्त आढळल्या. मुलांचे प्रमाणही ३१ टक्के होते. वाढत्या वयात लोहाची गरज वाढते, मुलींच्या बाबतीत मासिक पाळीमुळे तीत भर पडते.

शाळा व अंगणवाडीमार्फत आठवड्यास एक निळी गोळी दिली जाते. तीत ६० मिलिग्रॅम लोह असते. ती जेवणानंतर घ्यावी. चहाबरोबर कदापि नव्हे, कारण चहामुळे लोह शरीरात नीट शोषले जात नाही. उसळीवर लिंबू पिळल्यास हेच शोषण वाढते. गोळीने शौचास काळसर होते. त्याने घाबरून ती बंद करू नये, हा रंग निरुपद्रवी असतो.